लॅपटॉपवर धावणारा वायरलेस कीबोर्ड-माउस जुन्या डेस्कटॉपवर का अडखळतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१३ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०. त्यावर तुम्ही अर्ज, करारनामे, पत्रिका असं मराठी टायपिंगचं काम घेता. काही महिन्यांपूर्वी वायरलेस कॉम्बो घेतला आणि तेव्हापासून वैताग सुरू आहे. माउस मध्येच थबकतो आणि मग उडी मारून भलतीकडे जातो. कीबोर्ड अक्षरं गिळतो, कधी एकच अक्षर ओळभर छापत सुटतो. सेल बदलून झाले, फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकून झालं. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड जुना झाला, मशीनच बदला. तोच कॉम्बो पुतण्याच्या लॅपटॉपला लावला तर बिनतक्रार चालतो. तेव्हा कॉम्बो बदलू की कॉम्प्युटर, असं तुम्ही विचारताय.

इतक्यात दोन्ही बदलू नका. लॅपटॉपवर कॉम्बो नीट चालला यावरून एवढंच कळतं की कीबोर्ड, माउस आणि त्यांचे संदेश पकडणारा, यूएसबी पोर्टात खोचायचा तो नखाएवढा रिसीव्हर, तिन्ही धड आहेत. डेस्कटॉप खराब आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. लॅपटॉपला रिसीव्हर लावता तेव्हा तो तुमच्या हातापासून वीतभर अंतरावर, उघड्यावर असतो. डेस्कटॉपला तोच रिसीव्हर टेबलाखाली, पत्र्याच्या डब्यामागे, भिंतीकडे तोंड करून बसतो. म्हणजे खरा प्रश्न ‘कोणता कॉम्बो चांगला’ हा नाहीच. माउसपासून विंडोजपर्यंतच्या वाटेत संदेश नेमका कुठे गळतो, हे शोधायचं आहे.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज एक वाक्य टाकलंय. मागच्या बाजूला वायफायचा डोंगल, त्याला चिकटून कॉम्बोचा रिसीव्हर आणि खालच्या निळ्या पोर्टमध्ये बॅकअपची एक्स्टर्नल हार्ड डिस्क. माझ्या मते तुमचं निम्म्याहून जास्त उत्तर त्या वाक्यात आहे. शाळांच्या लॅब, सीएंची ऑफिसं, झेरॉक्स-टायपिंगची दुकानं अशा ठिकाणी मी दुरुस्तीला जातो. ‘माउस अडकतो’ अशी तक्रार आली की मशीन चालू करण्याआधी मी सीपीयूचं खोकं फिरवून मागची बाजू बघतो. बहुतेकदा ही अशीच दाटीवाटी दिसते.

आता त्यामागचं कारण. रिसीव्हरवाले आजचे जवळजवळ सगळे कॉम्बो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणं वापरायला आपल्याकडे २००५ पासून परवाना लागत नाही, त्यामुळे सगळ्यांची गर्दी तिथेच झाली आहे. वायफाय तिथे, ब्लूटूथ तिथे, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच, साधारण २४५० मेगाहर्ट्झला. या गर्दीत माउसचा आवाज फार बारीक असतो. सेल महिनोन्महिने पुरावा म्हणून त्याचा ट्रान्समीटर जेमतेम एक मिलिवॅटच्या आसपास ठेवलेला असतो. वायफायचा डोंगल काही दहा मिलिवॅटपासून शंभरापर्यंत जातो. वाजणाऱ्या ढोल-ताशा पथकाला खेटून उभं राहून कुणाची कुजबुज ऐकायचा प्रयत्न करावा, तशी तुमच्या रिसीव्हरची गत झाली आहे. खोक्यावर छापलेलं १० मीटरचं अंतर मोकळ्या जागेतलं असतं, टेबलाखालच्या पत्र्याआडचं नसतं.

तुमच्याकडचा वायफाय डोंगल तो छोटा, स्वस्तातला, दीडशे एमबीपीएस लिहिलेला असेल तर तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो. त्याला ५ गिगाहर्ट्झ माहीतच नाही. याची खूण सोपी आहे. नेट शांत असताना माउस बरा चालतो. मोठी फाइल उतरवायला घेतली, व्हॉट्सअॅप वेबवरून व्हिडिओ पाठवायला लागलात, की अडखळतो. तुमच्याकडे असंच होतं का, ते आठवून बघा.

दुसरा शेजारी जास्त छुपा आहे, निळ्या पोर्टातली हार्ड डिस्क. निळा पोर्ट म्हणजे सहसा यूएसबी ३.०, काळा म्हणजे २.०. यूएसबी ३.० ची तार सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने काम करते, आणि त्या वेगामुळे तिच्यातून पसरणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही येतो. हा काही माझा कयास नाही. इंटेलने २०१२ मध्ये या विषयावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं. त्यात यूएसबी ३.० ची डिस्क चालू असताना वायरलेस माउस कसा मंदावतो याचं मोजमाप होतं आणि रिसीव्हर दूर न्या, शिल्डिंग (गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) सुधारा असे उपायही होते. हा गोंगाट पोर्टच्या तोंडातून, केबलमधून, डिस्कच्या स्वस्त डबीतून, सगळीकडून झिरपतो. गाळून टाकावा म्हटलं तर तोही माउसच्याच पट्ट्यात, त्यामुळे फिल्टर लावून सुटका नाही. अंतर ठेवणं हाच उपाय.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो जाणकार मंडळींकडूनही ऐकू येतो. ‘निळ्या पोर्टात रिसीव्हर लावू नका’ हे अर्धसत्य आहे. निळा पोर्ट रिकामा असेल किंवा त्यात रिसीव्हर एकटाच असेल, तर तो गोंगाट करत नाही. रिसीव्हर स्वतः जास्तीत जास्त १२ मेगाबिटच्या जुन्या वेगाने बोलतो, ३.० च्या तारा त्याच्यात नसतातच. गोंगाट होतो तो शेजारच्या निळ्या पोर्टात ३.० ची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लागला की. म्हणजे रिसीव्हर काळ्या पोर्टात हलवला, पण तो काळा पोर्ट डिस्कपासून बोटभरच लांब असेल, तर फारसा फरक पडणार नाही. मग माणसं म्हणतात, ‘पोर्ट बदलूनही बघितला, काही उपयोग नाही.’

तर आजच्या आज करायचं काम असं. एक्स्टर्नल डिस्क काढून ठेवा, वायफायचा डोंगल काढून ठेवा, मशीन रीस्टार्ट करा आणि अर्धा तास नेहमीचं टायपिंग करा. नेट लागणारच असेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, पण फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर. माउस आणि कीबोर्ड सुधारले तर दोष सापडला. खर्च शून्य.

कायमचा उपाय शे-दीडशे रुपयांचा आहे. यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन केबल घ्या, एका टोकाला नर, दुसऱ्याला मादी, लांबी एक ते दीड मीटर. मुद्दाम २.० चीच घ्या, ३.० ची महागडी घेऊन काहीच साधत नाही. मागच्या काळ्या पोर्टातून ती वर आणा आणि रिसीव्हर टेबलावर, मॉनिटरच्या स्टँडजवळ, कीबोर्डकडे तोंड करून ठेवा. सतत हलत असेल तर दुहेरी टेपने चिकटवा. माउस आणि रिसीव्हर यांच्यामध्ये पत्रा, स्पीकर, राउटर किंवा हॉटस्पॉट चालू असलेला फोन नको. दोन एक्स्टेन्शन एकाला एक जोडू नका, आणि रिसीव्हर चार तोंडांच्या स्वस्त हबमध्ये डिस्कसोबत कोंबू नका, नाहीतर टेबलाखालची गर्दी टेबलावर आणल्यासारखं होईल. एवढ्याने माझ्याकडच्या बऱ्याच तक्रारी मिटतात. गिऱ्हाईक मग जरा नाराजही होतं, कारण बिल करण्यासारखं त्यात काही उरत नाही.

राउटर तुमच्याच खोलीत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ गिगाहर्ट्झच्या चॅनेलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करा. ४० वर ठेवलेलं एकच वायफाय त्या साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा जवळजवळ अर्धा भाग अडवतं. चॅनेल १ किंवा ११ असा कडेचा ठेवा म्हणजे माउसच्या संदेशाला पट्ट्यात सरकायला एका बाजूला सलग जागा राहील. राउटरपासून सीपीयूपर्यंत तार ओढणं शक्य असेल तर तीच ओढा आणि डोंगलला रजा द्या. टायपिंगच्या दुकानात जागेवरून न हलणाऱ्या मशीनला वायफाय कशाला हवं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता समजा डिस्क आणि डोंगल काढूनही अडखळणं थांबलं नाही. मग मात्र ‘अवलंबून आहे’ असं म्हणावं लागतं, आणि कशावर ते सांगतो. पहिली गोष्ट बघायची ती ही की माउस आणि कीबोर्ड एकाच वेळी बंद पडतात की एकेकटे. दोघांचा रिसीव्हर एकच आहे. दोघे एकदम थबकत असतील तर दोष रिसीव्हरच्या जागेत, पोर्टमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये. फक्त माउस थबकत असेल आणि त्याच क्षणी कीबोर्ड टकाटक चालत असेल, तर कॉम्प्युटरकडे बघूच नका, दोष माउसच्या पोटात किंवा पायाखाली आहे. हे तपासायला नोटपॅड उघडा, एका हाताने माउस गोल फिरवत ठेवा आणि दुसऱ्या हाताने एकेक अक्षर दाबत राहा. कर्सर थांबला तेव्हा अक्षरं उमटत होती का, ते बघा.

पायाखालचं आधी सांगतो. माउसच्या तळाशी जो प्रकाशाचा डोळा असतो त्याला काच, चकचकीत सनमायका आणि आरसापॉलिश आवडत नाही. टायपिंगच्या दुकानात तर काचेखाली दरपत्रक ठेवायची पद्धतच आहे, आणि माउस त्याच काचेवर फिरतो. साधं कापडी पॅड टाका. डोळ्याच्या खाचेत केस किंवा कापसाचा तंतू अडकला असेल तर कर्सर जागच्या जागी थरथरतो. तो कोरड्या ब्रशने काढा.

सेल तुम्ही बदललेत, पण कोणते टाकलेत ते लिहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात टाकतो ते स्वस्तातले झिंक-कार्बन सेल घड्याळाला ठीक आहेत. वायरलेस कीबोर्ड मात्र दर वेळी संदेश पाठवताना क्षणभर जास्त करंट ओढतो आणि असा सेल त्या क्षणी खाली बसतो. मल्टीमीटरवर नुसता मोजला तर व्होल्टेज बरं दिसतं, म्हणून माणूस फसतो. अल्कलाइन वापरा. नवा असताना तो दीड व्होल्टच्या थोडा वरच असतो, १.२ च्या खाली आला की मी तो काढून टाकतो. रिचार्जेबल सेल मुळातच १.२ व्होल्टचे असतात, ते बहुतेक कॉम्बोंना चालतात, पण लो बॅटरीचा दिवा उगाच लवकर लागू शकतो. एक जुना आणि एक नवा अशी जोडी कधी लावू नका, आणि सेलच्या खोबणीतल्या स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर ती खरवडून काढा.

दोघे एकदम थबकत असतील तर पुढची पायरी अशी. कुणाकडून तरी वायरवाला माउस मागून आणा आणि तो वायरलेसच्या जोडीला लावून ठेवा. विंडोजला एकाच वेळी दोन माउस चालतात. वायरलेस अडकला की लगेच वायरवाला हलवून बघा. तोही अडकला, तर रेडिओचा, रिसीव्हरचा काही संबंध नाही, मशीनच दमलेलं आहे. ४ जीबी रॅम आणि साधी फिरणारी हार्ड डिस्क असलेल्या संगणकावर विंडोज १० चालवलं की अपडेट किंवा अँटिव्हायरस सुरू होताच डिस्क शंभर टक्क्यांवर जाते. टास्क मॅनेजर उघडून ठेवा, दिसेल. अशा वेळी कर्सर अगदी ‘सिग्नल गेल्यासारखा’ थांबतो आणि मग साठलेली सगळी हालचाल एकदम करतो. तुमचं ‘उडी मारून भलतीकडे जातो’ हे वर्णन दोन्ही कारणांना लागू पडतं, म्हणून वायरच्या माउसची परीक्षा चुकवू नका. मशीन दमल्याचं निघालं तर इलाज साधा आहे, फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी लावा आणि रॅम ८ जीबी करा.

वायरवाला ठीक चालतो, वायरलेस जवळ आणूनही अडकतो, आणि मधूनमधून विंडोजचा यूएसबी काढल्या-लावल्याचा तो ‘टडंग’ आवाज येतो? मग रिसीव्हरचा वीजपुरवठाच तुटतोय. याची दोन कारणं असतात. एक म्हणजे विंडोजची काटकसर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्सखाली यूएसबी रूट हब असतात. प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब आहे, तिथली ‘अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर’ ही खूण काढा. मग पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डेस्कटॉपला बॅटरी नाही, तिथे ही बचत कुणासाठी करायची? तिथेच आजूबाजूला फास्ट स्टार्टअप आहे, तोही बंद करा. तो चालू असला की शटडाउन खऱ्या अर्थाने होत नाही, ड्रायव्हरची जुनी अवस्था साठवून पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. सकाळी मशीन चालू केल्यावर त्रास आणि रीस्टार्ट दिल्यावर बरं, असा तुमचा अनुभव असेल तर संशयित हाच.

बराच वेळ हात न लावल्यावर माउस पहिल्यांदा उशिरा जागा होतो, क्लिक केल्यावरच हलतो, हा वेगळा प्रकार. ती माउसची स्वतःची झोप आहे, सेल वाचवण्यासाठी. तो दोष नाही आणि तो विंडोजमधून बंदही होत नाही.

दुसरं कारण हार्डवेअरचं, आणि दुकानदाराच्या बोलण्यात तथ्य असलंच तर ते इथे आहे. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, दहा-बारा वर्षांत थकतो. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअरपर्यंत द्यावं आणि ३.० च्या पोर्टने ९०० पर्यंत, असा नियम आहे. एक्स्टर्नल डिस्क फिरायला सुरुवात करताना चांगलाच झटका देऊन करंट ओढते, ५ व्होल्टची लाइन खाली येते आणि शेजारचा रिसीव्हर क्षणभर मरतो. म्हणजे डिस्क काढल्यावर बरं वाटलं, तर ते गोंगाट गेल्यामुळे की भार गेल्यामुळे हे तेवढ्यावरून कळत नाही. एक्स्टेन्शनवर रिसीव्हर लांब नेऊन डिस्क पुन्हा लावा. तरीही ‘टडंग’ आलं तर भाराचा दोष, एसएमपीएस बदलून बघा. त्याच वेळी झाकण उघडून मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघून घ्या. उभ्या डब्यांची डोकी सपाट हवीत, फुगलेली किंवा तपकिरी ओघळ आलेली असतील तर बोर्डाचं आयुष्य संपत आलंय.

पुढच्या बाजूचे यूएसबी पोर्ट जवळ असतात म्हणून लोक रिसीव्हर तिथे लावतात. कॅबिनेट चांगलं असेल तर ठीक. स्वस्त कॅबिनेटमध्ये आत मदरबोर्डपर्यंत जाणाऱ्या त्या तारांना शिल्डिंग नसतं आणि पोर्टही ढिले असतात, बोट लागलं की संपर्क तुटतो. मी मागचा पोर्ट आणि एक्स्टेन्शन यांनाच पसंती देतो. मागेही काही बोर्डांवर दोन जातींचे पोर्ट असतात. तुमचा बोर्ड बी७५ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य चिप) असेल तर त्याचे ३.० पोर्ट इंटेलचेच आहेत. एच६१ असेल तर चिपसेटमध्ये ३.० नाहीच, निळे पोर्ट दिसत असतील तर ते वेगळी चिप बसवून दिलेले आहेत, आणि त्या चिपचा ड्रायव्हर विंडोज १० वर कुरकुरणं नवीन नाही. अशा बोर्डवर काळा पोर्टच वापरा.

जाता जाता, सीपीयूच्या पत्र्याला टेस्टर लावून बघा. दिवा लागला किंवा हाताला मुंग्या आल्या तर सॉकेटमध्ये अर्थिंग नाही. माउस अडकण्याचं हे सहसा कारण नसतं, पण इलेक्ट्रिशियनला बोलावून ते आधी करून घ्या. असं मशीन मी झाकण उघडून हाताळत नाही.

कीबोर्डबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमची भाकरी त्यावर आहे. तुम्ही इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत टाइप करत असाल तर गळलेलं अक्षर नेमकं काय आहे ते बघा. ‘विद्या’ लिहायला इंग्रजीतल्या डी च्या बटणावर हलन्त द्यावा लागतो. तो एक संदेश हवेत हरवला की ‘विदया’ उमटतं. स्पेलचेक असेल तर पकडतं, नाहीतर करारनाम्यात तसंच छापून जातं. ओळभर एकच अक्षर उमटण्याचं कारणही असंच आहे. बटण दाबल्याचा संदेश पोचला पण सोडल्याचा पोचला नाही, तर विंडोजच्या लेखी बोट अजून बटणावरच आहे आणि ते अक्षर छापत राहतं. म्हणजे गळणं आणि ओळभर छापणं हे दोन आजार नाहीत. कोणतंही बटण, कुठल्याही वेळी असं करत असेल तर रेडिओचा दोष. ठरावीक एकच बटण करत असेल तर त्या बटणाखालचं रबर गेलंय किंवा चहा सांडलाय.

मात्र अक्षरं फक्त गिळली जात असतील, छापत सुटत नसतील, आणि बटण जरा दाबून धरलं की उमटत असतील, तर फिल्टर कीज चालू झालेलं नाही ना हे बघा. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून ठेवलं की विंडोज ती सोय सुरू करू का विचारतं, आणि कुणीतरी न वाचता एंटर मारतं. कीबोर्डवर फाइलचा गठ्ठा टेकला तरी पुरतं. ती सोय हात थरथरणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे ती निसटते स्पर्श मोजत नाही. सेटिंग्जमध्ये इझ ऑफ अॅक्सेस, मग कीबोर्ड, तिथे बंद करा. तसंच एकदा मराठी लेआउट बंद करून नोटपॅडमध्ये नुसतं इंग्रजी टाइप करून बघा. इंग्रजी सुरळीत आणि फक्त मराठीत गोंधळ, असं असेल तर टायपिंगचं सॉफ्टवेअर तपासायला हवं, कॉम्बो नव्हे.

रिसीव्हर बदलून मिळतो का, असंही तुम्ही विचारलंय. ते कंपनीवर आहे. बहुतेक स्वस्त कॉम्बोंमध्ये जोडी कारखान्यातच बांधलेली असते, रिसीव्हर हरवला की कीबोर्ड-माउस शोभेचे. लॉजिटेकच्या काही संचांत रिसीव्हर वेगळा घेऊन पुन्हा जोडता येतो, पण खूण बघून घ्या. नारिंगी चिन्हाचा युनिफाइंग वेगळा आणि २०२१ पासून आलेला बोल्ट वेगळा, एकाची उपकरणं दुसऱ्याला जुळत नाहीत. आणि ब्लूटूथचा कॉम्बो घेऊ का, तर तुमच्या मशीनला नको. डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ नाही, त्याचाही डोंगल लावावा लागेल, तोही याच २.४ च्या गर्दीत, आणि विंडोज सुरू होण्याआधी बायोसमध्ये तो कीबोर्ड सहसा चालत नाही. रिसीव्हरवाला चालतो. पूर्वीचे २७ मेगाहर्ट्झचे वायरलेस संच आठवतात का कुणाला? दोनच चॅनेल असायचे, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या माउसने आपला कर्सर हलायचा. त्या मानाने हे बरंच.

हे सगळं सांगून झाल्यावर माझं स्वतःचं मत. माउस वायरलेस ठेवा, पण कामाचा कीबोर्ड वायरचा घ्या. माउसचा एखादा संदेश गळला तर कर्सर थोडा चुकतो आणि हात तो आपसूक सावरतो. कीबोर्डचा गळला तर गिऱ्हाइकाच्या नावातली वेलांटी जाते. दुसरंही एक कारण आहे. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की अनेक वायरलेस संचांच्या रिसीव्हरला लांबून खोट्या बटणांचे संदेश पाठवता येतात, आणि काही स्वस्त कीबोर्डांवर टाइप केलेलं तर कुठलंही कूट (एन्क्रिप्शन) न करता उघडंच हवेत जात होतं. तुम्ही लोकांचे आधार क्रमांक आणि खाते क्रमांक टाइप करता. तुमच्या बोर्डवर मागे जांभळा गोल पीएस-टू पोर्ट असेल तर त्या प्रकारचा कीबोर्ड अजूनही मिळतो आणि यूएसबीच्या कुठल्याही भानगडीत न पडता चालतो. फक्त तो मशीन बंद असतानाच लावायचा-काढायचा.

मशीन बदलण्याबद्दल: विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तिसऱ्या पिढीचा आय-थ्री विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. तेव्हा कधीतरी बदलावं लागेल हे खरं, पण ते सुरक्षेच्या कारणासाठी, आणि तुमच्या सवडीने. आत्ता एक्स्टेन्शन केबल आणा. ती लावूनही त्रास राहिला तर चार गोष्टी लिहा: माउस-कीबोर्ड एकदम थबकतात की वेगवेगळे, वायरवाला माउस त्या क्षणी हलतो का, ‘टडंग’ आवाज येतो का, आणि मदरबोर्डवर छापलेला मॉडेल नंबर काय आहे.